पोलिसांविरुद्ध तक्रार करायला नागपूर गाठायचे का?

26 मार्च 1972 ची रात्र. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला. एका आदिवासी मुलीला जबाबासाठी ठाण्यात बोलावले होते. जबाब संपल्यावर सोबतच्यांना बाहेर काढले आणि तिला आत थांबवून घेतले. बाहेर लोक जमले. ठाणे पेटवून देण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा कुठे हेड कॉन्स्टेबलने तिची तक्रार लिहून घेतली. पुढे सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले (1974), नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली (1976) आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले (1978). त्याविरुद्ध कायद्याच्या चार अध्यापकांनी खुले पत्र लिहिले, देशभर महिला रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. हे प्रकरण आजही त्या मुलीच्या नावाने ओळखले जाते, पोलिसांच्या नाही. म्हणून ते नाव आम्ही इथे लिहीत नाही.

जमाव जमला म्हणून तक्रार घेतली गेली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. ज्याच्यामागे जमाव नाही त्याने काय करायचे?

यासाठीच सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात (22 सप्टेंबर 2006) प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले, राज्य पातळीवर एक आणि जिल्हा पातळीवर एकेक. महाराष्ट्राने 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याच्या जागी ‘विभाग’ घातला. आपला विभाग नागपूर. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी तिथे करता येतात. पीडिताच्या वतीने दुसरे कोणीही तक्रार करू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र प्राधिकरणाचा अहवाल सरकार अपवाद म्हणून, कारणे लिहून, नाकारूही शकते. आणि सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे 200 किलोमीटर, नागपूर त्याहून पुढे. मजुरी बुडवून कोण जाणार?

गडचिरोली पोलिसांनी ‘दादालोरा खिडकी’ सुरू केली. ठाण्यात आणि मदत केंद्रात दाखले, योजनांचे अर्ज मिळू लागले. दुर्गम गावांना त्याचा उपयोग आहे, उगाच नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण मदत ही एक गोष्ट आणि जाब विचारणे ही दुसरी. ज्या खिडकीतून जातीचा दाखला घ्यायचा, तिथेच शिपायाने मारल्याची तक्रार द्यायला कोणाची जीभ उचलत नाही. पोलिसांवरचा भरवसा टिकायचा तर तक्रारीचे दार ठाण्याबाहेर हवे, आणि जिल्ह्यातच हवे.

तोवर एक दार जिल्ह्यात आहे, आपल्याच कायद्याने दिलेले. अ‍ॅट्रॉसिटी नियमांतील नियम 17 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक सदस्य, शिवाय अनुसूचित जाती-जमातींचे पाचपर्यंत अशासकीय सदस्य. गुन्ह्यांचा तपास, भरपाई आणि अधिकाऱ्यांनी आपले काम केले की नाही, हे सगळे या समितीने तपासायचे असते. म्हणजे अधीक्षकांसमोर बसून आपला माणूस विचारू शकतो, अमुक ठाण्यात गुन्हा का नोंदवला नाही? कलम 4 प्रमाणे, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाने जाणूनबुजून कर्तव्यात कसूर केली तर सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. तोंडी तक्रार लिहून घेणे, ती वाचून दाखवणे, प्रत देणे, साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल करणे ही सगळी त्यातलीच कर्तव्ये.

पण या खुर्च्यांवर कोण बसले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? 16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर आपण हजारोंनी जमतो. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलशेजारी या सदस्यांची नावे लावलेला एक फलक ठेवता येईल. त्याआधी माहिती अधिकारात एक अर्ज टाका आणि गेल्या वर्षभरातील बैठकांची इतिवृत्ते मागा. नियमाने बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी, म्हणजे चार इतिवृत्ते मिळायला हवीत. तीनच मिळाली, तर चौथीचे काय झाले ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा.