वायमारानरचे पोट फुगते तेव्हा

वायमारानर ही जर्मनीतील शिकारी कुत्र्यांची जात. रंग चंदेरी करडा, छाती खोल आणि अरुंद. अशा ठेवणीच्या कुत्र्यांना जठराचा पीळ (वायूने फुगलेले जठर स्वतःभोवती फिरणे) पडण्याचा धोका अधिक असतो. पोट फुगले की अनेक पालक गॅस झाला असे समजून ओव्याचे पाणी पाजतात आणि सकाळची वाट पाहतात. सुरुवातीची लक्षणे अपचनासारखीच असल्याने ही समजूत स्वाभाविक आहे. पण आजार वेगळा आहे.

गोळीच्या कागदाची दोन्ही टोके पिळली की आतले बाहेर येत नाही. तशीच इथे जठराची दोन्ही तोंडे बंद होतात. ढेकर येत नाही, उलटी होत नाही, जठराचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत कुत्रा दगावू शकतो.

मुख्य खूण अशी: कुत्रा पुन्हा पुन्हा ओकाऱ्या काढतो, पण फेसाळ लाळेपलीकडे काही पडत नाही. तो एका जागी बसत नाही. बरगड्यांमागे पोट ताठ लागते.

धोका कमी करण्यासाठी खाणे दिवसातून दोन-तीनदा विभागून द्यावे, जेवणानंतर तासभर पळवू नये. जठर-स्थिरीकरण (जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी जोडणे) ही शस्त्रक्रिया नसबंदीबरोबरच करता येते. तिने फुगणे थांबत नाही, पीळ मात्र बहुधा टळतो.

कोरड्या ओकाऱ्या दिसल्या तर तोंडावाटे काहीही देऊ नका. मध्यरात्र असली तरी पशुवैद्यांना फोन करून लगेच निघा.