लेव्हल पाइप आणि तीन तारांचा सेन्सर

बीडला गेलो होतो ते रेल्वेवर लिहायला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगर ते बीड गाडी सुरू झाली. परळीकडच्या उरलेल्या मार्गासाठी मुरूम वाहणाऱ्या टिपरांबद्दल लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. ते राहून गेलं. बायपासच्या कडेला एका पत्र्याच्या शेडपुढे एक हायवा तीन दिवसांपासून उभा होता आणि त्याच्या चेसीखाली एक मिस्त्री गवंड्याची लेव्हल पाइप घेऊन बसला होता. भिंतीची पातळी बघायची ती पारदर्शक नळी, आत लाल रंग घातलेलं पाणी. तिचं इथे काय काम, हे विचारायला थांबलो आणि दोन दिवस तिथेच राहिलो.

हायवा हे मुळात टिपरचा जॅक बनवणाऱ्या डच कंपनीचं नाव, जसं पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचं. आता दोन्ही आपलीच नामं झाली आहेत.

तक्रार साधी होती. भरली गाडी पिकअप घेईना, डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि स्कॅनर लावला की ३२५१ हा आकडा. मालकाने आधी दुसरीकडे नवा सेन्सर बसवून घेतला होता. दिवा दोनच फेऱ्यांत परत लागला.

अवजड डिझेल इंजिनांच्या भाषेत ३२५१ म्हणजे धुराच्या फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं आणि ट्रकच्या सायलेन्सरच्या जागी हा फिल्टर येऊन बसला. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना २०२१ मध्ये चौथा आणि १ जानेवारी २०२५ पासून पाचवा टप्पा लागला. पाचव्या टप्प्यात काजळीच्या वजनाबरोबर कणांची संख्याही मोजली जाते.

फिल्टर आतून मधाच्या पोळ्यासारखा असतो. एक भोक या तोंडाला बंद, शेजारचं त्या तोंडाला. धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी मागे राहते. ती साठली की जाळावी लागते. त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि इंजिन जास्तीचं डिझेल सोडून ती तयार करतं. गॅरेजात याला ‘रिजन’ म्हणतात. फिल्टर किती भरला, हे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळतं ते मुख्यतः हा दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरवरून. आगपेटीएवढी ती वस्तू, तीन तारा, दोन नळ्या. ती चुकली की पंचवीस-तीस टनांचं वाहन जागेवर बसतं.

मिस्त्री केज तालुक्यातला, चाळिशीच्या आतला. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे. दिवाळीनंतरचे सगळे महिने त्याने कारखान्याच्या तळावर काढले आणि पाना हातात धरला तो तिथेच, उसाच्या ट्रॅक्टरखाली. “सेन्सर खोटं बोलत नाही, त्याला जे ऐकू येतं तेच तो सांगतो,” तो म्हणाला. “आधी बघायचं, त्याला ऐकू काय येतंय.”

त्याची पद्धत मी वहीत उतरवून घेतली. इंजिन बंद, चावी चालू. या वेळी दाबाचा फरक शून्य दिसलाच पाहिजे, कारण धूरच वाहत नाही. इथे आकडा दिसला तर सेन्सर सरकला, किंवा बदलल्यावर कॉम्प्युटरला नवं शून्य शिकवायचं राहून गेलं. मग ३२५१ च्या शेपटीला लागलेला दुसरा आकडा. ३ म्हणजे व्होल्टेज वर गेलं, ४ म्हणजे खाली; दोन्हींत आधी तारा बघायच्या. कपलर काढून पाच व्होल्ट येतात का, अर्थिंग नीट आहे का ते तपासायचं. ४ असेल तर पाच व्होल्टची तार सिग्नलच्या पिनेला टेकवायची. कोड ४ चा ३ झाला तर वायरिंग आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक, संशय सेन्सरवर. या गाडीच्या शेपटीला मात्र २ होता, म्हणजे आकडे बेभरवशाचे.

आता लेव्हल पाइप. तिच्या एका टोकाला त्याने टी जोडली, तिची एक फांदी सेन्सरच्या अलीकडच्या नळीच्या तोंडाला दिली आणि दुसरीतून हळूहळू फुंकायला लागला. नळीतलं लाल पाणी एका बाजूला उतरलं, दुसऱ्या बाजूला चढलं. दोन पातळ्यांत १० सेंटिमीटर अंतर म्हणजे साधारण १ किलोपास्कल. त्याने ५१ सेंटिमीटरवर श्वास धरला. स्क्रीनवर ५.० आलं. २०, ३०, ४० वर थांबवून बघितलं. दर वेळी पाणी आणि स्क्रीन एकच सांगत होते. बाजारात यासाठी महागडी उपकरणं मिळतात, पण पाण्याच्या वजनाइतकं भरवशाचं त्यांच्यात काही नाही. मला तर त्या क्षणी ती नळी साऱ्या शेडमधली सगळ्यात देखणी वस्तू वाटली.

सेन्सर निर्दोष होता. म्हणजे आधी काढून फेकलेलाही बहुधा निर्दोष असणार.

दोष नळीत निघाला. आधीच्या बदलीत ब्रॅकेट तुटलं होतं आणि सेन्सर तारेने बांधून खाली लोंबत ठेवला होता. तो फिल्टरच्या तोट्यांपेक्षा उंचच हवा, नाहीतर धुरातली वाफ थंड होऊन पाणी नळीच्या झोळात साठतं. नळी उलटी केली तर काळं पाणी सांडलं. फिल्टरच्या बाजूची लोखंडी तोटीही काजळीने अर्धी बुजली होती. ती त्याने कॉम्प्रेसरने साफ केली, पण नळी सेन्सरपासून आधी सुटी करून आणि हवा फिल्टरकडे मारून. उलट मारली तर सेन्सरमधला नाजूक पडदा फाटतो.

इथे लेख संपायला हवा होता. पण चुकीचं ऐकणाऱ्या कॉम्प्युटरने मधल्या काळात रिजन वेळेवर केलंच नव्हतं आणि फिल्टर खरोखरच तुंबला होता. उभ्या गाडीत रिजन करायचं तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. मिस्त्रीचा स्कॅनर कोड वाचतो, आज्ञा देऊ शकत नाही. लॅपटॉपवाल्याला बोलवावं तर तो दुसऱ्या जिल्ह्यातून येणार. शिवाय शेडभोवती वाळलेलं गवत, आणि सायलेन्सरमधून निघणारी ती आग.

त्याहून कठीण म्हणजे या गाडीचं रोजचं जगणं. क्रशर ते भराव सहा किलोमीटर, मग रांगेत अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभं राहणं. धूर तापतच नाही. अर्धं झालेलं रिजन चावी फिरवून तोडलं जातं. स्वस्त ऑइल घातलं तर त्याची राख फिल्टरमध्ये राहते आणि राख कुठल्याही उष्णतेला जळत नाही.

मालकाचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. “ते कापूनच टाक अन् सॉफ्टवेअरमधून बंद कर. शेजारच्या गाडीचं केलंय.” हे बेकायदा आहे. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं आहे, आणि त्याच रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लेकरांसह ऊसतोडीची जोडपी कारखान्याला निघतात. पण मालकाच्या गाडीचा हप्ता महिन्याच्या ५ तारखेला जातो, हेही खरं. मला त्याचा राग आला नाही. भीती वाटली, की असे फोन रोज किती शेडमध्ये येत असतील.

“मालक, मी कापत नसतो,” मिस्त्री म्हणाला. “ड्रायव्हरला गेवराईपर्यंत रस्त्याने सोडा. गिअर खाली ठेवून, न थांबता.”

“डिझेल कोण देणार?”

यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पलीकडून “जाऊ द्या” ऐकू आलं.

गाडी संध्याकाळी धुळे-सोलापूर महामार्गाला लागली आणि रात्री परतली तेव्हा दिवा विझलेला होता. मिस्त्रीने इंजिन तापलेलं असतानाच ठरावीक आरपीएमवर दाबाचा फरक वाचला, खिशातला खडू काढला आणि डिझेल टाकीच्या चेसीकडच्या बाजूला तारीख, आरपीएम आणि तो आकडा लिहिला. ड्रायव्हर सकाळी सहाला क्रशरवर हजर व्हायचं म्हणून तिथेच केबिनमध्ये झोपला.