डबा सुटला, आता दूध किती?

लोहा तालुक्यातल्या माळेगावात दर मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा जनावरांचा बाजार बघायला माणसं कुठून कुठून येतात. शेजारच्या कंधारची लाल कंधारी, लातूरकडची देवणी. या दोन्ही जाती याच मातीतल्या. अशा मुलखातली आई सव्वा वर्षाच्या लेकराला कडेवर घेऊन औषधाच्या दुकानात उभी असते आणि तीन नंबरचा दुधाचा डबा मागत असते. दारात गाय असली तरी. तिला मी दोष देणार नाही. वर्षभर दवाखान्यात, अंगणवाडीत तिला सगळ्यांनी एकच सांगितलेलं असतं, की वरचं दूध देऊ नको. वर्ष भरल्यावर काय करायचं, हे मात्र बहुतेकींना कोणी बसवून सांगत नाही. मग ते सासू सांगते, शेजारीण सांगते, नाहीतर डब्यावरचं हसरं बाळ सांगतं.

पहिल्या वर्षातली मनाई खरीच आहे, पण तिचं कारण समजून घ्यायला हवं. गायीचं दूध वासरासाठी असतं आणि वासरू भराभर वाढतं. म्हणून आईच्या दुधात शंभर मिलीलिटरला साधारण एक ग्रॅम प्रथिनं असतात, तर गायीच्या दुधात तीन ग्रॅमहून जास्त. क्षारही जास्त. तान्ह्या बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना हा भार झेपत नाही. शिवाय गायीच्या दुधात लोह नावापुरतंच असतं, आणि काही तान्ह्या बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३च्या मार्गदर्शनात एवढी सवलत दिली आहे, की सहा महिन्यांनंतर आईचं दूध मिळत नसेल तर वर्षाच्या आतही डब्याचं किंवा जनावराचं, दोन्हींपैकी कोणतंही दूध चालेल. आपल्याकडे लेकरांच्या अंगात रक्त आधीच कमी असतं, म्हणून इथले बालरोगतज्ज्ञ वर्षापर्यंत थांबायला सांगतात. मला ते पटतं.

पण वर्ष भरलं की गोष्ट बदलते. तेच २०२३चं मार्गदर्शन स्पष्ट सांगतं, की बारा ते तेवीस महिन्यांच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय आणखी दूध द्यायचं असेल तर जनावराचं द्यावं. या वयासाठी विकल्या जाणाऱ्या पुढच्या नंबरांच्या डब्यांची शिफारस ते करत नाही. तीन नंबर, चार नंबर ही पायरी चढलीच पाहिजे अशी गरज शरीराची नाही. आपल्या देशात १९९२चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला त्यानं बंदी घातली आहे. सरकारला असा कायदा करावा लागला, यावरूनच आईच्या मनावर या डब्यांचा किती दाब पडत असेल याची कल्पना यावी. रोज दोन पेले दूध करायचं तर चारशे ग्रॅमचा डबा आठवड्याभरात संपतो. मजुरीवर चालणाऱ्या घरात त्या पैशांत अंडी येतील, डाळ येईल, फळं येतील.

“गायीचं दूध एकदम दिलं तर बाधेल” ही भीती सगळ्यात जास्त ऐकू येते. डब्यावरची घटकांची यादी वाचून बघा. नेहमीच्या डब्यातली भुकटी बहुतेक वेळा गायीच्या दुधापासूनच केलेली असते. जे लेकरू आठ-दहा महिने ती पीत आलंय, त्याच्या पोटाला गायीच्या दुधातली प्रथिनं नवीन नाहीत. नवी असते ती चव. डब्याचं दूध गोडसर लागतं, म्हणून लेकरू पहिल्या दिवशी तोंड फिरवतं आणि घरात “त्याला पचत नाही” असं ठरून जातं. चार-पाच दिवस डब्याच्या तयार दुधात थोडं थोडं गायीचं दूध मिसळत, त्याचं प्रमाण वाढवत न्यावं. शी थोडी घट्ट होते, रंग बदलतो; ते चालतं. अंगावर गांधी उठल्या, सारख्या उलट्या झाल्या, शीतून रक्त पडलं, तर मात्र दूध थांबवून डॉक्टरांना दाखवायला हवं. बाळ फार अपुऱ्या दिवसांचं असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा दुधाची ॲलर्जी ठरलेली असेल, तर डबा बदलण्याचा निर्णयही त्यांनाच विचारून घ्यावा. आणि आई अंगावर पाजत असेल, तर गायीचं दूध सुरू झालं म्हणून ते तोडायचं कारण नाही. दोन वर्षं आणि त्यापुढेही ते चालू ठेवावं.

इथपर्यंत भीती घालवणं सोपं आहे. मला जास्त काळजी वाटते ती भीती गेल्यावर जे होतं त्याची. एकदा दूध सुरू झालं की ते लिटरावर जातं. दूध म्हणजे पूर्णान्न, हे वाक्य आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. दुधात चांगलं पुष्कळ आहे. ज्या घरात अंडं-मटण शिजत नाही, तिथे बी-१२ जीवनसत्त्वासाठी दुधाचाच मोठा आधार असतो. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि चारशे मिलीलिटर दूध ते जवळजवळ सगळं भरून काढतं. पण त्याच मुलाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि अर्ध्या लिटर दुधातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. वर दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. म्हणजे दूध स्वतः लोह देत नाही आणि वरणातलं, भाजीतलं लोहही अडवतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. दहातली जवळजवळ सात.

“लेकरू काहीच खाईना झालंय, बरं झालं दूध तरी पितंय.” हे वाक्य उलटं करून पाहिलं पाहिजे. वर्षाच्या मुलाला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. एक लिटर गायीच्या दुधात साडेसहाशेच्या वर असतात. एवढं पोटात गेल्यावर त्याला भाकरीची भूक लागेल कुठून? ते दूध पिऊन राहतं म्हणून खात नाही. अशी मुलं दिसायला गुबगुबीत असतात, वजनही भरतं, त्यामुळे घरात कोणाला शंका येत नाही. चेहरा फिका, सारखी किरकिर, घट्ट शी. आणि मग एक दिवस अंगणातली माती तोंडात. माती खाणं म्हणजे कॅल्शियम कमी पडलं, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून दूध आणखी वाढवलं जातं. वास्तविक माती, खडू, भिंतीचा पोपडा खाण्याची ओढ बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेशी जोडलेली असते. जे दूध कमी करायला हवं, तेच आपण वाढवतो. माती खाणाऱ्या लेकराचं हिमोग्लोबिन तपासून घ्यायला हवं.

म्हणून वर्षानंतर दूध दिवसाला चारशे ते पाचशे मिलीलिटर, म्हणजे दोन मध्यम पेले, एवढंच. दह्याचाही हिशेब त्यातच. आणि ते जेवणाच्या आधी नाही, जेवणाबरोबरही नाही. दूध-भाकरी आपल्याकडे जिव्हाळ्याचा घास आहे, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही वेळचं जेवण दूध-भाकरीच होत असेल तर एका वेळी तीच ज्वारीची भाकरी तुरीच्या वरणात कुस्करा आणि वर लिंबू पिळा. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी-भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. खाणाऱ्यांच्या घरी अंडं द्या, कलेजीचा मऊ तुकडा द्या; मांसातलं लोह अंगी सगळ्यात लवकर लागतं. बशीतला चहा मात्र नको. चहात बुडवलेलं बटर-टोस्ट लेकराला कौतुकानं भरवलं जातं, पण चहाही लोह अडवतो.

दुधात पाणी घालायची रीत वर्षानंतर सोडायला हवी. पाण्यानं दूध हलकं होतं म्हणजे त्यातलं अन्न कमी होतं, एवढंच. म्हशीच्या दुधानं बुद्धी जड होते, याला काहीही आधार नाही. त्यात स्निग्धांश सहा-सात टक्के असल्यानं पोट लवकर भरतं, म्हणून प्रमाण थोडं कमी ठेवा. शेळीच्या दुधात फोलेट फार कमी असतं, त्यामुळे फक्त त्याच्यावर वाढणाऱ्या मुलाला वेगळ्या प्रकारचा रक्तक्षय होऊ शकतो. गायीच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचंही बाधतं, आणि त्यांच्यासाठी ए-टू दूधही सुरक्षित नाही. पिशवीचं दूध घेत असाल तर पिशवी वाचा. गायीच्या दुधात साधारण साडेतीन टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये फक्त दीड. दोन वर्षांखालच्या मुलाच्या मेंदूच्या वाढीला स्निग्धांश लागतो, तेव्हा डबल टोन्ड त्याच्यासाठी नाही.

धारोष्ण दुधाबद्दल स्पष्टच बोलते. कासेतून थेट पेल्यात आलेलं कोमट दूध पैलवानाला देतात तसं लेकराला देणारी घरं अजून आहेत. गाय दिसायला ठणठणीत असली तरी तिच्या दुधातून ब्रुसेलोसिसचे आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. ब्रुसेलोसिस जनावरांत इतका पसरलेला आहे, की २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताबरोबर त्याची लसही समाविष्ट केली गेली. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, पारड्यांना टोचतात. उकळल्यानं दुधातलं सत्त्व जातं हा समज चुकीचा आहे. कॅल्शियम आणि प्रथिनं तशीच राहतात, काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, आणि जंतू मरतात. घरच्या गायीचं असो की गवळ्याचं, एक उकळी यायलाच हवी.

दूध पेल्यानं द्यावं. वर्षाचं मूल दोन्ही हातांनी पेला धरायला शिकतं, सांडतं, शिकतं. रात्री बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाच्या पुढच्या दातांवर दूध साचून राहतं आणि दोन वर्षांच्या आतही ते दात काळे पडू शकतात. साखर नको, चॉकलेटी शक्तीची पावडरही नको. तिच्यात मोठा वाटा साखरेचाच असतो.

ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलीलिटर लोहाचं औषध मिळतं. आशाताई ती बाटली घरी देतात, आणि बऱ्याच घरांत ती फडताळात तशीच पडून राहते, कारण एक-दोनदा पाजल्यावर शी काळी झाली आणि आजी घाबरली. लोहाच्या औषधानं शी काळी होतेच. ते औषध बाधल्याचं लक्षण नाही. लेकराला ताप असेल किंवा ते फार आजारी असेल त्या दिवशी थांबा आणि आशाताईला विचारा. एरवी जेवणानंतर थोड्या वेळानं पाजा, आणि कडू लागतं म्हणून ते दुधात मिसळू नका.