मांजरात शिरलेली म्हातारी

गेल्या दिवाळीत आमच्या घरात एक भूत शिरले. रीतसर, नातवाच्या लॅपटॉपमधून शिरले. मी सहज डोकावलो, तर पडद्यावर एक म्हातारी बोगद्यातून मोटारीच्या वेगाने धावत होती आणि आमचे नववीतले चिरंजीव चकली खाता खाता खदखदून हसत होते.

"अरे, हे काय पाहतोस?"

"'दानदादान', आजोबा. जपानी आहे. तुम्हांला नाही झेपायचं."

असे म्हटल्यावर कोणता पुणेकर उठून जाईल? मी खुर्ची ओढून बसलो.

युकिनोबू तात्सू या चित्रकाराची ही चित्रकथा २०२१ साली सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची हलत्या चित्रांची मालिका निघाली आणि जगभरची पोरे तिच्या नादी लागली. गोष्ट ऐका. मोमो नावाच्या मुलीचा भुतांवर विश्वास आहे, पण परग्रहावरच्या प्राण्यांवर नाही. तिच्या शाळेतल्या ओकारुनचे नेमके उलट. दोघांची पैज लागते. ती एका ओसाड इस्पितळात जाते, तो बोगद्यात जातो; आणि पंचाईत अशी, की दोघेही खरे ठरतात! तिला परग्रहवासी पळवतात. त्याला ती धावरी म्हातारी झपाटते आणि त्याचा असा एक अवयव लांबवते, की ज्याचे नाव दिवाळी अंकात छापायची सोय नाही. पुढे हीच म्हातारी मांजराच्या बाहुलीत अडकते. दुकानात पंजा उंचावून गिऱ्हाईक बोलावणारे जपानी मांजर आपण पाहतो ना, तसल्या. मग ती मोमोच्याच घरी राहते आणि सर्वांना शिव्या घालते.

पहिल्या भागातले काही प्रसंग मुलांना शेजारी बसवून पाहण्याजोगे नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर संपादकांकडे पत्रे जायची.

एवढा आचरटपणा पोरांना का आवडतो? प्रथम वाटले, नुसती चमत्कृती. पण दोन-चार भाग झाल्यावर मला हे सारे ओळखीचे वाटू लागले. जपान्यांच्या भुतांना नाव, गाव, खोडी आणि हद्द असते. तोरियामा सेकिएन नावाच्या चित्रकाराने १७७६ साली त्यांचे सचित्र पुस्तकच छापले होते. आपल्याकडे पुस्तक नव्हते, पण खानेसुमारी पक्की होती. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधी गेला, तो मुंजा, मुक्काम पिंपळावर. वाड्यात जीव अडकलेला तो समंध. बाळंतपणात गेली ती अलवंतीण. प्रत्येकाचे काहीतरी राहून गेलेले. मुंज्याचे लग्न राहिले, एवढ्याच धाग्यावर आदित्य सरपोतदार यांनी २०२४ साली 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट कोकणात आणि पुण्यात घडवला, आणि थिएटरांतून लोक घाबरत घाबरत हसले.

पुण्याच्या सर्वांत प्रसिद्ध भुताला मात्र हे भाग्य लाभले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघे अठरा. तेव्हापासून आपण त्यांच्या तोंडी "काका, मला वाचवा" हे एकच वाक्य ठेवले आहे. पोरे रात्री ती हाक ऐकायला म्हणून कोटाभोवती घिरट्या घालतात आणि भिऊन पळतात. थांबून कोणी विचारले आहे का, की बाबा रे, तुला काय हवे? भ्यायलेला माणूस पळतो. हसणारा जरा टेकतो आणि टेकला की ऐकतो. या मालिकेचे मर्म मला तिथे सापडले.

सातवा भाग लागला तेव्हा आमच्या सौ. करंज्यांचे सारण घेऊन तिथेच बसल्या होत्या. त्यात लाल कपड्यांतली, लांब केसांची एक उंच हडळ आहे. आधी ती हसू यावे अशा कोलांट्या मारते. मग तिची हकीकत कळते. एकटी, गरीब आई. लेकीसाठी दिवसरात्र राबणारी. लेकीला नाचाची हौस. एके दिवशी सावकाराची माणसे घरात घुसून लेकीला उचलून नेतात. आई इमारतीच्या गच्चीवर नाचते आणि खाली उडी घेते. पुढे आयरा नावाच्या एका लहान मुलीने तिला पाहून "आई" अशी हाक मारली, म्हणून ही तिच्या मागे लागली. एवढेच तिचे झपाटणे.

घरात कोणी बोलेना. सौ.नी पदराने डोळे टिपले आणि सारण हलवता हलवता म्हणाल्या, "माझ्या आईला गावात अलवंतीण म्हणायचे."

आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाली. आई बाळंतपणातच गेली आणि मावशीने वाढवले, एवढे मला ठाऊक होते. हे ठाऊक नव्हते. तिन्हीसांजेला विहिरीकडे जाऊ नको, ती तुला न्यायला येईल, असे सांगत म्हणे. सात-आठ वर्षांची होईपर्यंत ही आईच्या भीतीने डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपत होती.

नातवाने यंत्र बाजूला ठेवले. "मग ती कधी आली का गं, आजी?"

"नाही रे."

"आली असती तर काय मागितलं असतं तिनं?"

"काय मागणार? मी केवढी झाले ते बघितलं असतं." एवढे बोलून तिने लाटी घेतली, पारी लाटली, सारण भरले, कड मुडपली. चार करंज्या झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "लाव पुढचा. ती मांजरातली म्हातारी आहे ना त्यात?"