वीज कशी चमकते, हे शिकवावे कसे?

संगणकाचा पडदा जितका भरगच्च तितके शिकणे चांगले, ही समजूत रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांती खोडून काढली. १९७३ साली मिशिगन विद्यापीठातून पीएच.डी. मिळवलेले हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ १९७५पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत संशोधन करत आले. वीज कशी चमकते, हा त्यांचा गाजलेला धडा जेमतेम १४० सेकंदांचा. गार हवा तापून वर चढते, ढग होतो, भार वेगळे होतात, वीज जमिनीकडे झेपावते, सोबत निवेदन. तेच निवेदन पडद्यावर अक्षरांतही दिले, किंवा विजेविषयी रंजक पण अवांतर माहिती जोडली, की विद्यार्थ्यांची समज घटे. मेयर केवळ पाठांतर तपासत नाहीत. ‘विजेची तीव्रता कमी कशी करता येईल?’ असे विचारतात, आणि खरा फरक तिथे उघडा पडतो. चित्र आणि मजकूर दोन्ही डोळ्यांवरच येऊन आदळतात, आणि एका वेळी मनात धरून ठेवण्याची आपली क्षमता तोकडी, हे त्यांचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

शिकणे माध्यमाने नव्हे, अध्यापनपद्धतीने बदलते, असे शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३मध्येच बजावले होते. मेयर यांना त्याने बाध येत नाही. ते यंत्रांची नव्हे, मांडणीची तुलना करतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: धडे छोटे, चाचणी लगेच, विद्यार्थी बहुधा महाविद्यालयीन आणि विषयात नवखे. तो मान्यच करायला हवा. नवख्यांना मदत करणारी मांडणी जाणकारांना अडथळा ठरू शकते, आणि परक्या भाषेतला धडा ऐकणाऱ्याला पडद्यावरची अक्षरे आधार देऊ शकतात. अशा मर्यादा मेयर स्वतःच्या तत्त्वांना जोडत गेले.