‘परत येणार ना?’ : परदेशी शिकून परतणाऱ्यांची गोष्ट

लोकलच्या गर्दीत एपिसोड नीट ऐकू येत नाही अशी तुमची तक्रार असते, म्हणून हा नेहमीप्रमाणे लिहून.

आजचा विषय घरातूनच आलाय. माझी धाकटी बहीण पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायला अमेरिकेला निघालीय. मुलुंडच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे बॅगा, भाजणी आणि गोड्या मसाल्याची पाकिटं. परवा बॅगेचं वजन करता करता आईने विचारलं, “दोन वर्षांनी परत येणार ना गं?” बहीण गप्प. मग आई माझ्याकडे वळली, “तू तरी सांग तिला.” मी बीटेक करून इथेच अंधेरीत नोकरीला लागलो. मी काय सांगणार? म्हणून जे खरंच परत आले, त्यांच्याबद्दल वाचायला बसलो.

पहिलं नाव अर्थातच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. दोघंही नागपूरला एमडी झाले, वर्धा जिल्ह्यातल्या गावांत काम केलं. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की नुसतं औषध देऊन भागत नाही, संशोधन कसं करायचं तेही शिकायला हवं. मग ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले, १९८४ मध्ये पब्लिक हेल्थची पदवी घेतली आणि परत येऊन गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. म्हणजे बघा, आधी प्रश्न सापडला, मग ते परदेशी गेले.

आता त्यांनी तिथून आणलं काय? मशीन नाही. मोजायची पद्धत आणली. गडचिरोलीत लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनियात बाळाचा श्वास जोरात चालतो, त्यामुळे एका मिनिटातले श्वास मोजले तर आजार ओळखता येतो. पण गावातल्या दायींना तेवढे आकडे मोजता येत नव्हते. मग एक साधं साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर समजायचं की न्यूमोनिया असू शकतो. मी रोज ॲपचे स्क्रीन बनवतो, पण खरं सांगतो, इतका सोपा इंटरफेस मला सुचला नसता.

पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हा प्रयोग झाला. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासतात ना, त्या योजनेचं मूळ इथे आहे.

जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळेसुद्धा हॉपकिन्समध्येच शिकले आणि १९७० मध्ये नगर जिल्ह्यात परतले. त्यांनीही गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांनाच आरोग्यसेविका केलं.

इथवर वाचून मी खूश होतो. ‘बघ, असं करायचं’ म्हणून बहिणीला पाठवणारच होतो. तेवढ्यात बाबासाहेबांची गोष्ट आठवली.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. परत येऊन संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. १९१७ मध्ये ते शब्द पाळायला बडोद्याला आले. पण एवढं शिकून आलेल्या माणसाला, केवळ जातीमुळे, त्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. ते मुंबईला आले, सिडनहॅम कॉलेजात शिकवलं आणि १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले.

म्हणजे ‘परत ये’ म्हणणं सोपं आहे. आलेल्याला इथे जागा आहे का, हे कोण बघणार? आज जागा अडते ती वेगळ्या कारणांनी. बहिणीच्या शिक्षणासाठी आमचं घर तारण आहे. तेव्हा संस्थानाचा करार होता, आता बँकेचा हप्ता. शिकून आल्या आल्या गडचिरोलीला गेली तर तो हप्ता कोण भरणार? हे न बोलता तिच्याकडून शब्द घेणं बरोबर नाही, असं माझं मत झालंय.

काल रात्री जेवताना आईला हे सगळं सांगितलं. म्हटलं, परत येणार का ते आत्ता नको विचारू. कुठला प्रश्न घेऊन चाललीय ते विचार. आणि परत यायचं ठरवलंच तिने, तर हप्त्यातला अर्धा वाटा माझा, हे मी आजच सांगून ठेवतो. आई काही बोलली नाही. बहीण मात्र म्हणाली, “दादा, त्या मण्यांच्या साधनाचा फोटो असला तर पाठव.”

तुमच्याही घरात कुणी निघालंय का, किंवा परत आलंय का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. तोपर्यंत, काळजी घ्या.