समुद्रापासून दूर घडणारी पाणबुडी

गंगाखेडच्या घाटांवरून पुढे वाहणारी गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर सागरास मिळते आणि तेथून ईशान्येस किनाऱ्याकिनाऱ्याने गेले असता विशाखापट्टणम लागते; परभणी जिल्ह्याचा समुद्राशी भूगोलाने जोडलेला संबंध एवढाच. त्यामुळे अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन आक्रमक पाणबुड्या विशाखापट्टणमला बांधण्यास केंद्राच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, हे वृत्त आपल्याकडे परमुलखातील वार्तेसारखे वाचले गेले असेल तर नवल नाही. परंतु अशी नौका घडते कशी, याचा शोध घेऊ लागले की ध्यानात येते, तिचे काही कळीचे भाग जेथून समुद्र दिसतही नाही अशा ठिकाणच्या कारखान्यांतून तयार होतात.

डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला विद्युत्संचय संपत आला की हवा घेण्यासाठी पृष्ठभागाजवळ यावेच लागते, आणि तेथेच ती शत्रूच्या नजरेस पडण्याचे भय असते. अणुभट्टीला हवा लागत नाही आणि खलाशांसाठी लागणारा प्राणवायू पाण्याच्या विघटनातून नौकेतच काढता येतो. म्हणून तिच्या जलवासाला मर्यादा उरते ती शिधासामग्रीची आणि मनुष्याच्या सहनशक्तीची. २६ जुलै २००९ रोजी जलावतरण झालेली आपली ‘अरिहंत’ ही अणुपाणबुडी क्षेपणास्त्रे घेऊन दडून राहणारी आहे. आक्रमक पाणबुडीचे काम शत्रूच्या नौकांचा माग काढण्याचे व आपल्या ताफ्याला संरक्षण देण्याचे. आधी सोव्हिएत संघाकडून व नंतर रशियाकडून भाडेपट्ट्याने आणलेल्या दोन ‘चक्र’ नौकांवर, १९८८ ते १९९१ आणि पुन्हा २०१२ ते २०२१ या काळात, आपले खलाशी अणुपाणबुडी चालवण्यास शिकले. बांधणे ही मात्र निराळी विद्या.

‘अरिहंत’च्या भट्टीची औष्णिक शक्ती ८३ मेगावॉट सांगितली जाते. तिचा चौथा हिस्सा जरी प्रत्यक्ष गतीत उतरला असे धरले, तरी जिंतूर तालुक्यातील येलदरीच्या जलविद्युत् केंद्राच्या साडेबावीस मेगावॉट क्षमतेच्या जवळपास पोचणारी शक्ती एका पोलादी नळकांड्यात, माणसांच्या निजण्या-जेवण्याच्या जागेपासून काही पावलांवर, बंदोबस्तात ठेवावी लागते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी या भट्टीचे आदिरूप आधी कल्पाक्कमला जमिनीवर चालवून पाहिले, आणि या प्रदीर्घ उद्योगाची धुरा काही वर्षे डॉ. अनिल काकोडकर यांनी वाहिली, याचा मराठी वाचकास अभिमान वाटावा.

तथापि भट्टीइतकेच कठीण असते ते कवच. दर दहा मीटर खोलीमागे पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो; तीनशे मीटरांवर प्रत्येक चौरस मीटरावर सुमारे तीनशे टनांचा भार येतो, आणि कवचाचे वर्तुळ किंचित जरी बिघडले तरी त्याची सहनशक्ती झपाट्याने घटते. त्याचे जाड पोलाद जोडण्यापूर्वी तापवून घ्यावे लागते, नाहीतर सांध्यात पुढे सूक्ष्म तडे जाण्याचा धोका राहतो. प्रत्येक महत्त्वाचा सांधा क्ष-किरणांनी वा श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासून दफ्तरी नोंदवतात. ही दक्षता फार मोठ्या किमतीने शिकलेली आहे. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही पाणबुडी खोल पाण्यातील चाचणीत १२९ माणसांसह बुडाली, आणि चौकशीअंती मुख्य संशय खाऱ्या पाण्याच्या नळाच्या एका सांध्यावर आला.

शिवाय नौका मुकी हवी. वाफेच्या टर्बाइनचे वेगवान फिरणे दंतचक्रांनी मंद करून पंख्यापर्यंत न्यायचे, तर त्या चक्रांच्या दातांतील केसाहून सूक्ष्म दोषही आवाज करतो आणि तो आवाज शत्रूच्या ध्वनिग्राहकास पुरतो. ‘अरिहंत’चे गिअरबॉक्स इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने पुरवले. उसाच्या मळ्यांतील ही वसाहत ज्या वालचंद हिराचंदांनी वसवली, त्या सोलापूरच्या उद्योगपतीनेच विशाखापट्टणमला जहाजकारखाना काढला होता. त्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. ‘अरिहंत’च्या कवचाचे काम लार्सन अँड टुब्रोने तापीच्या मुखाजवळच्या हजिरा येथे केले.

या विद्येचा खरा शत्रू खंड हा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या माझगाव गोदीने ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये आरमाराच्या स्वाधीन केली. त्यानंतरच्या पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ साल उजाडले. मधल्या दशकात अनुभवी जोडारी निवृत्त झाले, हात विखुरले, आणि त्या करारातील पहिली ‘कलवरी’ रुजू होण्यास डिसेंबर २०१७ उजाडला. ब्रिटनसारख्या मातबर आरमारी राष्ट्रालाही अशाच खंडानंतर ‘अस्ट्यूट’ या अणुपाणबुडीसाठी अमेरिकी तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे लागले. आराखडे कपाटात सुरक्षित राहतात. वेल्डरच्या मनगटातील अंदाज मात्र त्याच्याबरोबर घरी जातो.

म्हणून आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या निदेशकांना आणि हायस्कुलांच्या मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. माझगाव गोदी आठवी, दहावी आणि आयटीआय उत्तीर्ण मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेते. विशाखापट्टणमच्या नौदल गोदीतही शिकाऊ उमेदवारांची शाळा आहे. त्यांच्या भरतीची जाहिरात निघेल तेव्हा ती फलकावर लावा, आणि वेल्डर व फिटर यांच्या वर्गात ती स्वतः वाचून दाखवा.